बाईंचा किनारा

पुण्याच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध जोडून सुट्टी आली की येतो. दोन दिवस जायचं, खाणाऱ्यांनी मासे खायचे, बाकीच्यांनी सोलकढी प्यायची आणि चपलांत अडकलेली वाळू घेऊन घरी यायचं. समुद्र तिथेच राहतो, आपण परत येतो. सगळ्या जगाचं हे असंच असतं अशी माझी समजूत होती. ती बाईंच्या घरी भाड्यानं राहायला गेल्यावर गेली.

बाई म्हणजे आमच्या घरमालकीण. हेग शहराच्या समुद्राकडच्या टोकाला, वाळूच्या टेकड्यांच्या आडोशाला त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या राहायच्या, वर मी आणि माझी बायको. त्याआधी आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाकडच्या रायस्वाइकला होतो. तिथे आपली माणसं इतकी, की रविवारी सकाळी जिन्यातल्या वासावरून कोणाकडे पोहे आणि कोणाकडे उपमा ते सांगता यायचं. ते सुख सोडून एवढ्या लांब, त्या वाऱ्यात कशाला जाताय, असं सगळ्यांनी विचारलं. बायकोला मागच्या दारी बाग हवी होती, आणि मला रॉटरडॅमच्या ऑफिसात रोज जावं लागत नव्हतं. म्हणून गेलो.

घर बघायला गेलो तेव्हा पगाराची स्लिप, कंपनीचं पत्र, रेसिडेन्स परमिट, सगळं व्यवस्थित फाइल करून नेलं होतं. परदेशात राहणारा आपला माणूस फाइलशिवाय घराबाहेर पडत नाही. बाईंनी ती उघडलीसुद्धा नाही.

‘पोहता येतं?’ त्यांनी विचारलं.

‘येतं की. पुण्यात शिकलोय, तलावात.’

‘पलीकडची बाजू दिसायची?’

‘म्हणजे काय, तलावाला चार भिंती असतातच.’

‘मग ते पोहणं नव्हे. ती आंघोळ.’

एवढं बोलून त्यांनी किल्ल्या माझ्या बायकोच्या हातात दिल्या. तिला अजिबात पोहता येत नव्हतं आणि तिनं ते विचारायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

बाई सत्तरीच्या पुढच्या, उंच, खांदे रुंद, केस मुलासारखे कापलेले. जन्म डेन्मार्कचा. त्या देशाचा जो लांबोडा भाग जर्मनीला चिकटलेला आहे, जटलंड म्हणतात त्याला, त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर पार वर कुठेतरी त्यांचं गाव होतं. लग्न करून हॉलंडात आल्या त्याला उभा जन्म लोटला होता. आमच्याशी इंग्रजीत बोलायच्या, अडलं की डच. रागवायच्या डेनिशमध्ये, आणि ते कळायला भाषा यावी लागत नसे.

त्यांच्या तोंडी डावं-उजवं नव्हतंच. सगळ्या दिशाच. ‘मिठाची बरणी नैर्ऋत्येच्या फळीवर आहे.’ ‘सायकल जरा पूर्वेला सरकव.’ एकदा आम्ही त्यांना वरण-भात खायला वर बोलावलं होतं, तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तुझ्या गालाच्या उत्तर बाजूला काहीतरी पिवळं लागलंय.’ मी थोडा वळलो आणि चुकीचा गाल पुसला. माझ्या सासूबाई वास्तुशास्त्र मानणाऱ्या. व्हिडिओ कॉलवर त्यांनी देव कुठल्या कोपऱ्यात ठेवलेत म्हणून चौकशी केली, तेव्हा आम्ही दोघं फोनमध्ये होकायंत्र शोधत बसलो आणि बाईंनी जिन्यातूनच ईशान्य सांगून टाकली. सासूबाई खूश. बाईंना मात्र देवाला दिशा लागते हे फारच पटलं. त्यांच्या मते माणसाला वारा कुठून येतोय ते कळत नसेल, तर बाकी काय कळतं याला अर्थ नव्हता.

जिन्यात छताला एक लाकडी जहाज टांगलेलं होतं. हातभर लांब, शिडांसकट. डच जिने शिडीसारखे उभे असतात, त्यातून वरची पायरी चढताना त्या जहाजाचा तळ माझ्या टाळूला हमखास लागायचा. कशाला टांगलंय म्हणून मी शेवटी कुरकुरलो. तेव्हा कळलं, की त्यांच्या किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये असं जहाज टांगायची पद्धत आहे. प्रार्थनेला मान वर केली की आधी जहाज दिसतं. ‘देव नंतर,’ बाई म्हणाल्या, ‘आधी आमची माणसं कुठे आहेत ते बघतो.’ त्यानंतर मी मान वाकवून चढायला लागलो.

रोज सकाळी, बारा महिने, त्या समुद्रात उतरायच्या. टॉवेलच्या कापडाचा झगा, पायांत लाकडी तळव्याच्या सपाता, अशा थाटात रस्त्यावरून चालत निघायच्या. शेजारपाजारचे डच लोक कुत्री फिरवताना त्यांना ‘मॉर्निंग’ घालायचे, जसं काही बाई दूध आणायला चालल्यात. जानेवारीत गारा पडत असतानासुद्धा जायच्या. परत येताना चेहरा लालबुंद आणि मूड असा काही छान, की महिन्याभराच्या तक्रारी त्याच वेळी सांगून घ्याव्यात हे आम्ही लवकर शिकलो. गरम पाण्याचा बॉयलर आम्ही असाच दुरुस्त करून घेतला.

नवरा त्यांचा डच, पाण्याच्या खात्यातला इंजिनियर. म्हणजे बांध घालणारा. आता समुद्रकाठची डेनिश मुलगी आणि बांध घालणारा डच माणूस, यांचा संसार कसा झाला असेल ते सांगायला नको. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भांडण चालूच होतं. ‘डच माणसाला समुद्र आवडत नाही,’ बाई म्हणायच्या, ‘त्याला समुद्र आवरायला आवडतो. इथे समुद्र बघायचा तर आधी चढ चढावा लागतो. आमच्याकडे दार उघडलं की झालं.’ लग्नानंतर त्यांनी नवऱ्याचं नागरिकत्व घेतलं होतं, आणि त्या वेळच्या नियमानं डेन्मार्कचं सुटलं. त्याबद्दल विचारलं की खांदे उडवायच्या. ‘कागद डच आहे. मी कुठे कागद आहे?’

गावाकडचं वडिलांचं घर भावाच्या ताब्यात होतं. भाऊ यांच्याहून मोठा, आयुष्यभर मासेमारी केलेला, एकटा. घर उंच कड्यावर, आणि कडा मातीचा. दर हिवाळ्यात समुद्र खालून थोडा कडा खायचा. बाईंच्या लहानपणी घर आणि कडा यांच्या मध्ये बटाट्याचं शेत होतं, मग नुसतं आवार राहिलं, मग कुंपण गेलं. इंजिनियर नवऱ्यानं म्हणे लग्नानंतर पहिल्याच भेटीत कडा वाचवायचा नकाशा काढून सासऱ्यापुढे ठेवला होता. सासऱ्यानं तो नीट बघितला, छान काढलायस म्हणाला, आणि त्यावर मासे साफ केले.

‘समुद्राकडून भाड्यानं घेतलेली जागा आहे ती,’ बाई सांगायच्या. ‘त्यानं नोटीस दिली की निघायचं. त्यात रडायचं काय?’

‘म्हणजे तुमचा घरमालक समुद्र आणि आमच्या तुम्ही,’ मी म्हणायचो.

‘हो, आणि आम्ही दोघंही भाडेकरूंचं ऐकत नाही,’ असं म्हणून मोठ्यानं हसायच्या.

हे सगळं त्या इतक्या सहज बोलायच्या, की मला खरंच वाटलं होतं, ही बाई वेगळ्या मातीची आहे. आपल्यासारखी घराला चिकटणारी नाही.

मग करोना आला. पहिल्या लॉकडाउनमध्ये दीड मीटरचा नियम निघाला आणि बाईंनी माळ्यावरून एक जुनी काठी काढली. होडी धक्क्याला ओढून घ्यायची, टोकाला लोखंडी आकडा असलेली. ती आडवी धरून त्या जिन्यात उभ्या राहायच्या आणि आम्ही टोकाच्या पलीकडे. सुपरमार्केटातही काठी घेऊन गेल्या होत्या. तिथल्या मुलांनी बाहेर ठेवायला सांगितली, तेव्हा बाईंनी त्यांनाच, दीड मीटर म्हणजे नेमकं किती हे कोणाला ठाऊक तरी आहे का, असा उलटा प्रश्न केला. बायको त्यांना शिरा द्यायची तर तो काठीच्या आकड्याला पिशवी अडकवून खाली जायचा. आम्ही तिघं त्या वसंतात खूप हसलो, हे आता सांगताना जरा चमत्कारिक वाटतं.

एप्रिलमध्ये एकदा बायको म्हणाली, ‘अरे, बाई पोहायला जात नाहीयेत. लक्षात आलं का तुझ्या?’

माझ्या आलं नव्हतं. मी दिवसभर हेडफोन लावून बसलेला. खाली जाऊन दार वाजवलं. बाई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, काठी कुठेच नव्हती. भावाचा फोन आला होता. हिवाळ्यातल्या वादळांनी आवार गेलं आणि कडा भिंतीपर्यंत आला. घर आपोआप खाली कोसळण्याआधी तिथली नगरपालिका ते पाडणार होती. पुढच्या आठवड्यातच.

‘मला तिथे जायचंय,’ त्या म्हणाल्या. ‘ते उभं आहे तोवर एकदा बघायचंय. तुझ्याकडे गाडी आहे.’

मी अडचणींचा पाढा वाचला. डेन्मार्कनं सरहद्द बंद केली होती. डेनिश नागरिकांना प्रवेश होता, बाकीच्यांना योग्य कारण लागत होतं, आणि बाईंच्या हातात डच पासपोर्ट होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

‘मी तिथे जन्मलेय,’ एवढंच म्हणाल्या.

‘तू कशाला नसत्या उठाठेवी करतोस?’ वर आल्यावर बायको माझ्यावर उखडली. ‘बॉर्डरवर अडवलं तर? आपलं परमिट रिन्यूअलला आलंय. आणि त्यांना काही झालं तर, या वयात?’ असं म्हणता म्हणताच तिनं तिखटमिठाच्या पुऱ्यांचं पीठ मळायला घेतलं. मला समजलं की जायचं आहे.

उजाडताना निघालो. बाई मागच्या सीटवर तिरक्या कोपऱ्यात, दोन्ही खिडक्या उघड्या. मी कानटोपी घालून गाडी चालवत होतो. बाईंनी निळा लोकरीचा कोट घातला होता, बूट चकाकत होते, कॉलरला चांदीची पिन. लग्नाला जावं तसं. त्यांनी आणलेल्या काळ्या पावावरच्या खारवलेल्या हेरिंग माशाचा वास आणि माझ्या पुऱ्यांचा वास ब्रेमेनपर्यंत भांडत होते. नंतर दोन्ही संपले. रस्ते रिकामे होते, नुसते ट्रक. हॅम्बुर्गनंतर बाईंची बडबड थांबली.

तेव्हा मी विषय काढला. व्हिसाच्या खिडकीपुढे काय बोलायचं आणि काय गिळायचं, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. माझी उमेदीची वर्षं त्यातच गेलेली.

‘बाई, पर्पज ऑफ व्हिजिट काय सांगणार?’

‘घर बघायला चाललेय.’

‘ते चालत नाही. मी सगळं वाचलंय. जवळचा नातेवाईक सीरियस असेल तर सोडतायत. भाऊ आजारी आहे म्हणा.’

‘भाऊ आजारी नाही.’

‘ते तुम्हाला आणि मला माहीत. त्यांना कुठे माहितीये? ऐंशीच्या घरातला माणूस, एकटा राहतो, कोण तपासायला जातंय?’

त्या बाहेर बघत राहिल्या. मी त्याला होकार समजलो.

फ्लेन्सबुर्गच्या पुढे रस्त्यात तंबू ठोकले होते. एक तरुण पोलीस आला, पिवळं जाकीट घातलेला. आमचे पासपोर्ट घेतले, माझा जरा जास्त वेळ बघितला, आणि बाईंना इंग्रजीत काहीतरी विचारलं. बाईंनी डेनिशमध्ये उत्तर दिलं. त्याचा चेहराच बदलला. हसला, खिडकीवर हात ठेवून वाकला, आणि दोघं बोलायला लागले. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण सूर चांगला होता. बाईंनी हातानं कडा दाखवला, घर दाखवलं. त्यानं मान हलवली. मग त्यानं काहीतरी विचारलं आणि बाईंनी एका शब्दात उत्तर दिलं. त्यानं तेच पुन्हा विचारलं, अगदी सावकाश, त्यांच्या डोळ्यांत बघत. बाईंनी तोच शब्द पुन्हा सांगितला, मोठ्यानं. पोलीस सरळ उभा राहिला. मग त्यानं मला गाडी वळवायची खूण केली.

पहिल्याच थांब्यावर मी गाडी बाजूला घेतली. ‘काय झालं? काय विचारत होता तो?’

‘भाऊ बरा आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, ठणठणीत.’

‘आणि नंतर?’

‘नंतर पुन्हा विचारलं. अगदी बरा आहे का? वय झालंय, दिवस असे आहेत, नीट आठवून सांगा. मी म्हटलं, ठणठणीत.’

‘अहो, म्हणजे तो सोडायला तयार होता तुम्हाला!’

‘हो. चांगला मुलगा होता.’

मला इतका राग आला, की मी गाडीतून उतरून एक चक्कर मारून आलो. दिवसभर गाडी हाकायची, परमिट पणाला लावायचं, आणि या बाईंना एक वाक्य बोलता येऊ नये? परत येऊन बसलो तर त्या माझीच वाट बघत होत्या.

‘आमच्या गावात बुडणाऱ्यांना सोडवायला एक होडी होती,’ त्या म्हणाल्या. ‘बाबा त्या होडीवर होते. कोणीतरी धावत यायचा आणि दारं ठोकायचा, की सगळ्यांनी ताटावरून उठायचं. वादळात जायचं. खरं आहे का, असं कोणी विचारत नसे. विचारायला वेळच नसतो. म्हणून आजारपण, बुडणं आणि मरण, याबद्दल आमच्याकडे कोणी खोटं बोलत नाही. चेष्टेतसुद्धा नाही. एकदा कोणी बोललं, तर पुढच्या वेळी माणसं दार उघडायच्या आधी विचार करतील. बाकी वाटेल ते बोलतात. माशाच्या लांबीबद्दल तर नेहमीच.’

‘पण हा हायवे आहे, बाई. इथे कुठे समुद्र आहे?’

‘माझ्याकडे दुसरी जीभ नाही.’

मी गाडी सुरू केली. बरंच अंतर गेल्यावर मागून आवाज आला, ‘मला ते घर फार बघायचं होतं रे.’

भाड्याची जागा, नोटीस, रडायचं काय, हे सगळं त्या एका वाक्यात वाहून गेलं. आरशात बघायचा मला धीर झाला नाही.

भावाला त्यांनी फक्त ‘सोडलं नाही’ एवढंच कळवलं. का नाही सोडलं ते सांगितलं नाही. त्याला वाईट वाटेल, की त्याच्या नावानं एवढीशी थाप मारायलाही बहीण तयार झाली नाही, अशी धास्ती त्यांना होती, असं बायकोनं मला सांगितलं. बायकोला त्या अशा गोष्टी सांगायच्या, मला नाही.

घर पाडायच्या दिवशी भावानं व्हिडिओ कॉल लावला. आम्ही दोघं खाली गेलो होतो. बाईंनी फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर आधी नुसता वारा. मग एक म्हातारा चेहरा, बाईंचेच रुंद खांदे, लोकरी टोपी. मागे बुटकं पांढरं घर, त्याच्या बाजूला पिवळं यंत्र, आणि अंतर सोडून उभी राहिलेली गावातली चार डोकी. घराच्या पलीकडे काहीच नव्हतं, सगळा समुद्रच.

‘तू गाडीवाला?’ त्यानं मला मोडक्या इंग्रजीत विचारलं.

‘हो.’

‘आजारी माणसाला भेटायचं म्हटलं की सोडतात, असं मी रेडिओवर ऐकलं. तिला माहीत नव्हतं?’

मी बाईंकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली.

‘माहीत होतं,’ मी म्हणालो. ‘मीच सांगितलं होतं. पोलीसही तेच सुचवत होता.’

‘मग ती काय म्हणाली?’

‘तुम्ही ठणठणीत आहात म्हणाली. दोनदा विचारलं, दोनदा तेच.’

आता हा चिडणार, असं मला वाटलं. मी चिडलो होतोच की. तो मागे वळला आणि त्या उभ्या असलेल्या माणसांना त्यानं ओरडून काहीतरी सांगितलं. यंत्रावरच्या माणसानं टोपी काढली. मग त्यानं पुन्हा फोनमध्ये बघितलं, आणि मला कळावं म्हणून इंग्रजीत म्हणाला, ‘मी त्यांना सांगितलं, ती इथलीच आहे.’

यंत्र सुरू झालं तेव्हा बाई पडद्याकडे बघत नव्हत्या. दोन्ही हातांनी तोंड झाकून लहान मुलीसारख्या हमसून हमसून रडत होत्या, आणि घर पडायचं तर अजून बाकी होतं.